घड्याळांच्या शोधांत फैजपूर

सेवानिवृत्त शाळामास्तरास कांहीं ना कांहीं छंद जडावाच लागतो. कोणी बाग करतो, कोणी भजनी मंडळांत टाळ धरतो, कोणी वर्तमानपत्रांतील अशुद्धें तांबड्या शाईनें दुरुस्त करीत बसतो. आम्हांस छंद लागला तो जुन्या मनगटी घड्याळांचा. आणि त्यांतहि ज्यांस रोज सकाळीं किल्ली द्यावी लागते अशा यंत्राच्या घड्याळांचा. घरची मंडळी प्रथम हंसली, मग रागावली, आणि शेवटीं आपली दागिन्यांची जुनी पेटी आम्हांस देऊन मोकळी झाली. "दागिने होते तेव्हां ही पेटी इतकी जपली जात नव्हती," असा तिचा टोमणा असतो, आणि तो खोटा नाहीं. त्या पेटींत आज तेवीस घड्याळें आहेत. त्यांतील एकहि भारी मोलाचें नाहीं. गेल्या मार्गशीर्षांत चोविसाव्या घड्याळासाठीं आम्ही फैजपुरास गेलों, व तें न घेतांच परत आलों. तरी ती खेप फुकट गेली असें आम्हांस वाटत नाहीं. कां वाटत नाहीं, तेंच वाचकांस सांगावयाचें आहे.

या छंदाचें मूळ एका दुःखांत आहे, तें प्रथम सांगितलें पाहिजे. आमच्या वडिलांपाशीं वेस्ट एंड कंपनीचें 'सोवार' जातीचें घड्याळ होतें. या कंपनीचा व्यापार १८८६ मध्यें मुंबईंत सुरू झाला. घड्याळें स्वित्झर्लंडांतील सां-इमिए गांवाकडून येत आणि आपल्या देशांत विकलीं जात. 'सोवार' म्हणजे आपला घोडेस्वारच. आमच्या मातामहांनीं तें लग्नांत जांवयास दिलेलें होतें. पांढरी तबकडी, निळे कांटे, आणि बारीक पण ठाम अशी टिकटिक. शाळेची घंटा त्यावर होई, घरांतील पूजा-नैवेद्य त्यावर होई, आणि आम्हां भावंडांचा अभ्यासहि त्यावरच होई. आमचें शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. संस्कृत जें कांहीं आलें तें पहाटे वडिलांपुढें बसून, आणि त्या वेळीं तें घड्याळ अमरकोशावर ठेवलेलें असे.

१९८५ मध्यें आम्ही नुकतेच नोकरीस लागलों होतों. घड्याळ दिवसास दहा-दहा मिनिटें मागें पडूं लागलें. नव्या पगाराच्या ऐटींत आम्हीं वडिलांस न विचारतां तें उचललें व एका मोठ्या शहरांतील दुकानांत दुरुस्तीस दिलें. आठ दिवसांनीं तें चकचकीत होऊन आलें. वडिलांनीं तें कानाशीं नेलें, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "हा आवाज आमचा नव्हे." पुढें दुसऱ्या एका कारागिराकडून झांकण उघडवून पाहतों, तों आंतील यंत्र खरोखरच निराळें! पेटी आणि तबकडी आमची, पोट दुसऱ्याचें. दुकानदारानें कानांवर हात ठेवले. वडील आम्हांस एक शब्दहि बोलले नाहींत. मात्र त्या दिवसानंतर तें घड्याळ त्यांनीं हातीं बांधलें नाहीं. ते गेले तेव्हां तें त्यांच्या फडताळांत एका जुन्या उपरण्यांत गुंडाळलेलें सांपडलें.

२०१८ मध्यें आम्ही निवृत्त झालों, आणि वडिलांच्या घड्याळासारखें एक घड्याळ, आंतबाहेर अस्सल, मिळवावयाचेंच, असा निश्चय केला. आमचें वास्तव्य भुसावळास. हें रेल्वेचें गांव. जेथें मिनिटाच्या चुकीनें अपघात व्हावयाचे, तेथें घड्याळाची कदर अधिक असावयाचीच. जुन्या रेल्वेनोकरांच्या घरांतून, आठवडेबाजारांतून, रस्त्याच्या कडेस पथारी मांडलेल्या कारागिरांकडून आम्ही शोध घेऊं लागलों. हवें होतें तें मिळालें नाहीं. पण वाटेंत इतर भेटत गेलीं, आणि संग्रह झाला.

या सात-आठ वर्षांत जे धडे मिळाले, ते या मार्गास लागणाऱ्यांच्या उपयोगीं पडावेत म्हणून येथें देतों. पहिला धडा तबकडीचा. जुनी तबकडी खराब झाली कीं ती घांसून नवी रंगविण्याचा धंदा मुंबईसारख्या शहरांत वर्षानुवर्षें चालत आला आहे. अशी तबकडी नव्या नवरीसारखी लखलखते. परंतु भिंगाखालीं धरली कीं अक्षरें फुगलेलीं, मिनिटांच्या रेघा वांकड्या आणि कांटे भलत्याच घड्याळाचे, असें दिसून येतें. जुन्या तबकडीवरील डागास नांवें ठेवूं नयेत. तो तिच्या वयाचा दाखला होय. दुसरा धडा झांकणाचा. यंत्रावरील नांव तबकडीवरील नांवाशीं जुळतें कीं नाहीं, हें झांकण उघडून पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत. हा धडा आम्हीं किती महाग विकत घेतला, तें वर आलेंच आहे. तिसरा धडा तेलाचा. घड्याळ बरें चालत असलें तरी चार-पांच वर्षांनीं तें उघडून धुऊन घ्यावें. आंतलें तेल सुकलें कीं धातू धातूस खाऊं लागते. चौथा धडा लोहचुंबकाचा. किल्लीचें घड्याळ लाउडस्पीकराजवळ किंवा चुंबकाच्या झांकणाच्या मोबाइल-पाकिटाजवळ ठेवूं नये. आंतील केसासारख्या कमानीस चुंबकत्व आलें म्हणजे तिचे वेढे एकमेकांस चिकटतात, आणि घड्याळ वेड्यासारखें पुढें धांवूं लागतें. पांचवा धडा आम्हांस फैजपुरास मिळाला. तो यथाक्रम येईल.

आमचा एक जुना विद्यार्थी फैजपुरास असतो. त्यानें कळविलें, "गुरुजी, येथें एक म्हातारे घड्याळजी आहेत. त्यांच्याजवळ तुमचें 'सोवार' मीं डोळ्यांनीं पाहिलें. एकदां येऊन जा." हें ऐकल्यावर झोंप कसली लागते? दुसऱ्याच दिवशीं सकाळीं वडिलांचें तें बदललेलें घड्याळ खिशांत व एक साधें 'जनता' मनगटावर, असे आम्ही एस. टी. त बसलों.

भुसावळाहून उत्तरेस निघालें कीं तापीचा पूल लागतो, आणि पूल ओलांडतांच देखावा पालटतो. दुतर्फा केळीच्या बागा. त्यांचीं रुंद पानें वाऱ्यानें फाटून झालरीसारखीं लोंबत असतात. समोर सातपुड्याची निळी रांग आडवी पसरलेली. मार्गशीर्षांतली थंडी, काळीभोर जमीन, आणि केळीचे घड भरून चाललेल्या मालगाड्या, असा तो प्रदेश आहे. भरताच्या वांग्यांसाठीं नांवाजलेलें बामणोद याच यावल तालुक्यांतलें. विद्यार्थ्याच्या घरीं तें भरीत व कळण्याची भाकरी वाढलेली होती. आम्हीं भाकरी दोनदां मागून घेतली, हें घरच्या मंडळीस मात्र कळवूं नये.

फैजपूर म्हटलें कीं १९३६ सालची आठवण निघतेच. त्या वर्षीं २७ व २८ डिसेंबर रोजीं काँग्रेसचें अधिवेशन येथें भरलें. शहराबाहेर, खेड्यांत भरलेलें तें पहिलें अधिवेशन. गांधीजींच्या इच्छेप्रमाणें नंदलाल बोस यांनीं बांबूसारख्या खेड्यांतल्याच साध्या साहित्यांतून 'टिळकनगर' सजविलें. धनाजी नाना चौधरी, सानेगुरुजी इत्यादिकांनीं त्यासाठीं अपार कष्ट घेतले. आणि अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू यांची बैल जोडलेल्या रथांतून मिरवणूक निघाली. धनाजी नानांच्या नांवाचें महाविद्यालय आज गांवांत आहे. आम्ही तेथें उभे राहिलों तेव्हां आमच्या मनांत मात्र, छंदिष्टाच्या स्वभावास अनुसरून, घड्याळेंच आलीं. गांधीजींच्या कमरेस घड्याळ लटकत असे, हें सर्वांस ठाऊक आहे. त्यांचें एक झेनिथ कंपनीचें खिशांतलें घड्याळ २००९ च्या मार्चांत न्यूयॉर्क येथें लिलावांत निघालें. चष्मा, वहाणा, वाडगा आणि थाळी यांसह त्यास अठरा लक्ष डॉलर आले. ज्यानें मिनिटास जपलें आणि वस्तूस आपली म्हटलें नाहीं, त्याच्या वस्तूस एवढी किंमत यावी, हा काळाचा विनोदच होय.

पंडितजींचाहि घड्याळाशीं संबंध आहे. फैजपुरानंतर पंचवीस वर्षांनीं, १९६१ मध्यें, हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्यानें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानें बंगळूर येथें मनगटी घड्याळें करण्यास आरंभ केला, आणि पहिलीं घड्याळें पंतप्रधान या नात्यानें नेहरूंच्याच हस्तें बाहेर पडलीं. त्या कारखान्याचें सर्वांत लोकप्रिय घड्याळ म्हणजे 'जनता'. मुलगा मॅट्रिक झाला कीं 'जनता', जांवयास मांडवांत 'जनता', असा एक काळ होता. खानदेशांत केळीचा पैसा ज्या घरीं आला, तेथें ट्रान्झिस्टर आणि एच. एम. टी. हीं जोडीनें आलीं. पुढें स्फटिकावर चालणारीं घड्याळें निघालीं. जपानच्या सायको कंपनीनें पहिलें तसलें मनगटी घड्याळ १९६९ च्या डिसेंबरांत विक्रीस आणलें. आजच्या तसल्या घड्याळांतील स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळां कांपतो; अचूकपणांत किल्लीच्या घड्याळाचा त्याच्यापुढें पाड लागत नाहीं. हळूहळू मागणी आटली, आणि २०१६ मध्यें केंद्र सरकारनें एच. एम. टी. चा घड्याळांचा कारखाना बंद करण्यास मान्यता दिली.

तरीहि आमच्या मनगटावर 'जनता'च असतें, आणि त्याचें कारण केवळ हट्ट नव्हे. आंतील गुंडाळलेली कमान सुटूं पाहते. दांत्यांचीं चाकें तिचा जोर पुढें पोंचवितात. आणि शेवटचें डोलणारें चाक केसासारख्या कमानीच्या आधारें मागें-पुढें होऊन तो जोर थेंबाथेंबानें सोडतें. घर्षण कमी व्हावें म्हणून चाकांचे आंस कृत्रिम माणकांच्या भोंकांत बसविलेले असतात. 'सतरा ज्युवेल' म्हणतात ते हेच. 'जनता' तासास १८,००० ठोके देतें, म्हणजे सेकंदास पांच. चाकाचें एक जाणें व एक येणें मिळून दोन ठोके; तेव्हां एका पूर्ण हेलकाव्यास दोन-पंचमांश सेकंद लागतो.

आतां आपलें गणित पाहा. अहोरात्राच्या साठ घटिका, घटिकेचीं साठ पळें, पळाचीं साठ विपळें. एक पळ चोवीस सेकंदांचें. म्हणून एक विपळ नेमका दोन-पंचमांश सेकंद! भास्कराचार्यांनीं सिद्धान्तशिरोमणींत काळाचें जें कोष्टक दिलें आहे, त्यांत दहा गुरू अक्षरें उच्चारण्याचा काळ म्हणजे एक प्राण, आणि सहा प्राणांचें एक पळ. म्हणजे एक विपळ हें एका गुरू अक्षराच्या उच्चारास लागणारा काळ झालें. बंगळुरांतलें घड्याळ मनगटावर दर हेलकाव्यास एकेक गुरू अक्षर म्हणत असतें! इतकेंच नव्हे, दिवसाचे ठोके मोजले तर ४,३२,००० भरतात, आणि कलियुगाचीं वर्षेंहि तितकींच सांगितलीं आहेत. हा योगायोग आहे हें आम्ही जाणतों. पण ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, आपल्याच जिल्ह्यांत चाळीसगांवाजवळच्या पाटण येथें मठ स्थापिला, आणि १२०७ चा तसा शिलालेखहि तेथें सांपडला, त्या भास्कराचार्यांस हा योगायोग दाखवितां आला असता तर ते हंसले असते, असें आम्हांस वाटतें.

हीच गंमत मनांत घोळवीत आम्ही त्या घड्याळजींच्या दुकानीं गेलों. दुकान कसलें, दोन भिंतींमधली चार हातांची फट. पुढें कांचेची पेटी, तींत पट्टे आणि बॅटरीचे सेल. मागें एका बैठ्या मेजावर दिवा, चिमटे, वाटींत पेट्रोल. डोळ्यास भिंग लावून बसलेले ऐंशींच्या घरांतले म्हातारे. गांव त्यांस 'चाचा' म्हणतो. विद्यार्थ्यानें ओळख करून दिली. चाचांनीं भिंग न काढतांच उजवा हात कपाळास लावला, हातांतलें काम पुरें केलें, आणि मग म्हणाले, "बसा मास्तर. कोणतें घड्याळ बघायचं?"

त्यांनीं मेजाखालून एक पत्र्याची पेटी काढली. आंत चाळीसेक घड्याळें, प्रत्येकास दोऱ्यानें बांधलेली चिठ्ठी. दुरुस्तीस आलेलीं, दुरुस्त झालेलीं, आणि मालक न्यावयास न आलेलीं तीं घड्याळें. कोणी शहरांत गेले, कोणी वारले, कोणी नवें बॅटरीचें घेतलें व जुनें विसरले. त्यांतून चाचांनीं एक उचललें. पांढरी तबकडी, निळे कांटे, 'सोवार'. झांकण उघडून दाखविलें. यंत्रावर वेस्ट एंडचें नांव. किल्लीचे चार वेढे देतांच तें बोलूं लागलें, आणि वाचकहो, आम्ही पुन्हां वडिलांपुढें अमरकोश म्हणत बसलों आहों असा भास झाला.

"चाचा, हें आम्हांस द्या," आम्ही म्हणालों. "पांच हजार देतों."

चाचांनीं चिठ्ठी आमच्यापुढें धरली. एका शेतकऱ्याचें नांव, जवळच्याच एका खेड्याचें नांव, 'साफ करणे, रु. ४०', आणि तारीख १९९२ सालची. "मास्तर, हे माझे नाही. यांचे आहे."

"पण तीस वर्षांवर झालीं, कोणी आलें नाहीं!"

"कोणी आले नाही म्हणून माझे झाले का? दोनदा निरोप धाडला. घर सुरतेस गेले असे कळले. ही अमानत आहे."

आम्ही सात हजार म्हणालों. त्यांनीं पेटीचें झांकण लावलें. रागावून नव्हे, जेवतांना ताटावर झांकण ठेवावें तसें. तेव्हां कोठें आमचे डोळे उघडले. ज्या दुकानदारानें आमच्या वडिलांचें घड्याळ दुसऱ्यास विकलें असेल, त्याच्यापुढेंहि आमच्यासारखाच कोणी हौशी गृहस्थ पैसे घेऊन उभा असेल. त्यासहि आपण कोणाचें कांहीं नेत आहों असें वाटलें नसेल. चाळीस वर्षें आम्ही ज्यास मनांत चोर म्हणत आलों, त्याच्याच कृत्यास आज आम्ही सात हजारांची बोली करीत होतों! मनुस्मृतींतल्या अठरा व्यवहारपदांत ऋणादानाच्या पाठोपाठ निक्षेप येतो, निक्षेप म्हणजे विश्वासानें ठेवलेली ठेव, हें आम्हीं लहानपणीं पाठ केलें होतें. त्याचा अर्थ त्या दिवशीं फैजपुराच्या एका गल्लींत समजला.

"चाचा, त्या घराचा शोध आम्ही घेतों," आम्ही म्हणालों. "त्यांनीं खुशीनें विकलें तर आमचें."

"त्यांनी विकले तर मला काय? घेऊन जा, दाखवा," असें म्हणून त्यांनीं तें घड्याळ चिठ्ठीसह आमच्या हातांत ठेवलें. पावती मागितली नाहीं, नांव लिहून घेतलें नाहीं. आम्ही त्यांचे तासाभराचे ओळखीचे होतों.

विद्यार्थ्याच्या मोटारसायकलीवर मागें बसून, या वयांत, आम्ही केळींच्या बागांतून त्या खेड्यास गेलों. चार ठिकाणीं विचारपूस केल्यावर घर सांपडलें. मुलगा सुरतेस होता खरा. पण नातू परत येऊन वडिलोपार्जित शेती पाहत होता, आणि ओसरीवर त्याची आजी बसलेली होती. आम्हीं घड्याळ तिच्या हातीं दिलें. तिनें तें डोळ्यांजवळ नेलें, उलटें केलें, अंगठ्यानें कांच पुसली. मग कानाशीं धरलें आणि डोळे मिटले. वडिलांचा तो चेहरा आम्हांस आठवला, आणि आमची छाती धडधडूं लागली.

"हे त्यायचंच घड्याय," ती म्हणाली. ळकाराचा यकार करणारी ती गोड लेवा बोली. "हाच आवाज."

नातू व्यवहारी होता. "आजी, तुला काय करायचंय त्याचं? गुरुजी एवढे पैसे देताहेत, देऊन टाक ना." आम्ही गप्प राहिलों. एक शब्द आम्ही बोललों असतों तर कदाचित् तें घड्याळ आज आमच्या पेटींत असतें. म्हातारीनें नातवास उत्तर दिलें नाहीं. कमरेच्या पिशवींतून तिनें घड्या घातलेल्या नोटा काढल्या, चिठ्ठी विद्यार्थ्याकडून वाचवून घेतली, आणि मोजून चाळीस रुपये आमच्या हातावर ठेवले. "त्या चाचाले द्या, भाऊ. लय दिवस राह्यले."

आज चाळीस रुपयांत घड्याळाचा पट्टाहि येत नाहीं. पण चिठ्ठींत जें लिहिलें होतें तेंच देणें. अधिक नाहीं, उणें नाहीं. शाकुंतलांत कन्येस सासरीं पाठविल्यावर कण्वमुनींस ठेव परत केल्यासारखें हलकें वाटलें, असें कालिदासानें वर्णिलें आहे. ठेव आमची नव्हती, कन्याहि आमची नव्हती. तरी परततांना मोटारसायकलीवर आम्हांसहि तसेंच हलकें वाटलें. घड्याळ गमावल्याचें दुःख नव्हतें असें मात्र नाहीं. तें होतेंच, अजूनहि आहे.

चाचांनीं चाळीस रुपये घेतले, वहींतून कितीतरी जुनें पान काढलें आणि त्या नोंदीवर आडवी रेघ मारली. नंतर आम्हीं भीत भीत खिशांतून वडिलांचें घड्याळ काढलें व सर्व हकीकत सांगितली. त्यांनीं झांकण उघडलें, भिंग लावलें, बराच वेळ आंत पाहिलें.

"यंत्र चांगले आहे," ते म्हणाले. "तुमच्या वालिदांचे नाही, हे खरे. पण मास्तर, हेही कोणाच्या तरी बापाच्या हातावर चालत होते ना?"

हा विचार चाळीस वर्षांत आमच्या मनास एकदांहि शिवला नव्हता. त्या दुकानांत दोन घड्याळें फोडलीं गेलीं होतीं. आमचें यंत्र जसें कोणाकडे गेलें, तसें कोणाचें तरी आमच्याकडे आलें होतें. आणि परक्याचें म्हणून आम्हीं तें उपरण्यांत गुंडाळून, किल्लीवांचून, उपाशी ठेवलें होतें. चाचांनीं तें धुतलें, तेल घातलें, वेळ लावली. त्याचे त्यांनीं दोनशें रुपये घेतले. आम्ही अधिक देऊं लागलों तेव्हां म्हातारीचे चाळीस रुपये दाखवून म्हणाले, "हिशेब म्हणजे हिशेब."

परतीच्या गाडींत आम्हीं तें बांधलें. फैजपूर पंच्याहत्तर आणि शहात्तर रेखांशांच्या दरम्यान आहे, आणि आपली प्रमाणवेळ साडेब्यायशींव्या रेखांशाची. त्यामुळें तेथील सूर्याचा मध्यान्ह सरासरीनें घड्याळाच्या बारांनंतर साडेसव्वीस मिनिटांनीं होतो. म्हणजे अचूक म्हणविणारें घड्याळसुद्धां तेथें सूर्याची खरी वेळ सांगत नाहीं. सर्वांनीं मिळून मानलेली वेळ सांगतें. वडिलांच्या पेटींतल्या त्या परक्या यंत्रासहि मग आम्हीं आपलें मानलें. दत्तक पुत्रास कुळाचें नांव मिळतें, तें काय रक्तावरून?

घरीं आल्यावर पांचवा धडा अंमलांत आणला. पेटींतील प्रत्येक घड्याळास दोऱ्यानें चिठ्ठी बांधली: कोणाकडून आलें, कोणत्या गांवीं, केव्हां, काय देऊन. सहा घड्याळांचीं घरें आठवलीं नाहींत. बाजारांत घेतांना आम्हीं विचारलेंच नव्हतें. त्या सहांच्या चिठ्ठ्यांवर तसेंच लिहून ठेवलें आहे. बाकीच्यांविषयीं चिरंजीवांस सांगितलें आहे कीं आमच्यामागें हीं विकूं नयेत. ज्या घरांतून आलीं तेथें आधीं विचारावें, आणि नको म्हणतील तींच ठेवावीं. चिरंजीव म्हणाले, "बाबा, हा संग्रह कसला, ही तर पोस्टाची पिशवी!" घरची मंडळी त्यावर पुष्कळ दिवसांनीं मनापासून हंसली.

असो. वाचकांपाशीं एक मागणें आहे. आपल्या घरच्या वडील माणसांच्या जुन्या वह्या, पाकिटें, देवघरांतील फणीपेटी एकदां चाळून पाहावी. एखाद्या घड्याळजीची पिवळी पडलेली पावती तींत निघाली, तर पंचवीस-तीस वर्षें झालीं म्हणून ती टाकून देऊं नये. त्या गांवीं जावें, त्या गल्लींत विचारावें. सर्वच दुकानें उघडीं असतील असें नाहीं. पण फैजपुरास चाचांच्या पत्र्याच्या पेटींत अजून चाळीसेक घड्याळें आहेत, आणि दर शुक्रवारीं नमाजास जाण्यापूर्वीं ते त्यांतील प्रत्येकास किल्ली देतात.